नव्या टाकीतली जिवंत झाडं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात मासे ठेवायच्या गोड्या पाण्याच्या काचेच्या टाकीत (अ‍ॅक्वेरियममध्ये) पहिल्यांदाच झाडं लावणाऱ्यांचे बहुतेक प्रश्न पहिल्या दोन महिन्यांतले असतात, आणि घाईगडबडही बहुतेक त्याच काळात होते. म्हणून इथे भर त्या दोन महिन्यांवर आहे. स्पर्धेसाठी मांडलेल्या टाक्या आणि दुर्मिळ, नाजूक झाडं हा वेगळा विषय, तो इथे घेतलेला नाही.

झाडं लावून आठवडाही झाला नाही आणि पानं पारदर्शक होऊन गळायला लागली. मेली का?

बहुधा नाही. टाकीसाठी म्हणून विकली जाणारी बरीचशी झाडं रोपवाटिकेत पाण्याबाहेर वाढवलेली असतात. मुळं ओल्यात आणि पानं दमट हवेत. अशी ती भराभर वाढतात, त्यांच्यावर शेवाळ धरत नाही आणि प्रवासही सोसतात. पण हवेत वाढलेलं पान हवेसाठीच घडलेलं असतं. त्यावर मेणासारखा थर असतो, हवा आत-बाहेर करायला रंध्रं असतात. तेच पान पाण्याखाली गेलं की त्याला कार्बन डायऑक्साइड नीट घेता येत नाही. मग झाड त्या पानातलं जे परत मिळवता येईल ते काढून घेतं आणि पान सोडून देतं. त्यानंतर येणारी पानं पातळ आणि मऊ असतात, पाण्यातून थेट वायू आणि क्षार शोषून घेणारी. कधी कधी त्यांचा आकार इतका वेगळा असतो की भलतंच झाड उगवलं असं वाटावं.

यात सगळ्यात नाटकी वागतं ते क्रिप्टोकोरिन. नुसती जागा बदलली किंवा पाण्याचा गुण बदलला तरी ते दोन-चार दिवसांत सगळी पानं विरघळवून टाकतं. वर काहीच उरत नाही आणि माणूस वैतागून ते उपटतो. तसं करू नका. मुळं शाबूत असतील तर साधारण तीन-चार आठवड्यांत जमिनीतून नवा कोंब वर येतो.

तेव्हा जुन्या पानांवरून निकाल देऊ नका. शेंड्याकडे, मधल्या कोंबाकडे बघा. तिथून स्वच्छ नवं पान येत असेल तर झाड ठीक आहे, मग बाकीचं कितीही दरिद्री दिसो. खरंच मेलेलं झाड ओळखायचं असेल तर खोड किंवा गड्डा बोटाने हलकेच दाबून बघा. मऊ, लिबलिबीत लागला आणि घाण वास आला तर ते गेलं. टणक असेल तर थांबा.

हॉर्नवर्ट, व्हॅलिस्नेरिया, इजेरिया ही झाडं मुळात पाण्याखालीच वाढतात, त्यांना हा पालट करावा लागत नाही. तरी पाण्याचा जडपणा किंवा तापमान एकदम बदललं तर तीही पानं टाकतात. हॉर्नवर्टच्या सुया गळून फिल्टर तुंबला तर घाबरू नका.

गळकी पानं काढायची का?

पूर्ण मऊ झालेली, तपकिरी पडलेली पानं देठाच्या बुडापासून कापून काढा. पाण्यात कुजली तर त्यातून अमोनिया सुटतो आणि शेवाळाला आयतं खाद्य मिळतं. अर्धं हिरवं पान मात्र राहू द्या, झाडाला त्यातून अजून काही मिळतंय. रोज टाकीत हात घालून साफसफाई करणाऱ्यांची झाडं उशिरा मुळं धरतात.

पहिल्या टाकीत कोणती झाडं लावावीत?

निम्म्याहून जास्त झाडं भराभर वाढणारी असू द्या: हायग्रोफिला, वॉटर विस्टेरिया, वॉटर स्प्राइट, हॉर्नवर्ट, व्हॅलिस्नेरिया. ती दिसायला फार थोर नसतील, पण नव्या टाकीतला अमोनिया आणि जादा क्षार तीच ओढून घेतात आणि शेवाळाच्या तोंडचा घास पळवतात. उरलेल्या जागेत क्रिप्टोकोरिन, अ‍ॅमेझॉन सोर्ड, अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस. ही सावकाश वाढणारी आणि कमी प्रकाशात भागवून घेणारी. ब्राह्मी म्हणून ओळखली जाणारी बॅकोपाही पाण्याखाली चांगली तग धरते, फक्त वाढ मंद असते.

टाकी स्थिरावली की भराभर वाढणाऱ्यांपैकी काही काढून त्यांच्या जागी मनातली झाडं लावता येतात. सुरुवातीलाच माँटे कार्लोचा किंवा ड्वार्फ हेअरग्रासचा गालिचा आणि लालबुंद रोटाला हवा असेल, तर तीव्र प्रकाश, वेगळा कार्बन डायऑक्साइड आणि नियमित खत अशी तिन्ही एकदम सांभाळावी लागतात. नवख्याने त्यात पडू नये असं माझं मत आहे.

झाडांच्या संख्येत मात्र हात आखडता घेऊ नका. पहिल्याच दिवशी तळाचा निदान अर्धा भाग झाकला जाईल इतकी झाडं हवीत. आधी चार काड्या लावून बघू, जगल्या तर आणखी आणू, हा विचार काटकसरीचा वाटतो, पण त्या मोकळ्या पाण्यात शेवाळच आधी हातपाय पसरतं.

टाकीसाठी मिळणारी सगळी झाडं पाण्यातलीच असतात ना?

नाही, आणि याचा फटका बऱ्याच जणांना बसतो. लकी बांबू, पीस लिली, माँडो ग्रास, जांभळ्या पानांची हेमिग्राफिस ही दमट जमिनीतली झाडं टाकीत लावायला सर्रास दिली जातात. पूर्ण पाण्याखाली ती काही आठवडे, कधी काही महिने हिरवी राहतात. जगतात मात्र नाहीत, सावकाश कुजतात. ओळखायची साधी खूण म्हणजे देठ आणि पान. पाण्याबाहेर काढल्यावरही ताठ, कडक उभं राहणारं, चकचकीत किंवा पांढऱ्या पट्ट्यांचं पान असेल तर नाव विचारून खात्री करूनच घ्या. या खुणेला अपवाद आहेत. अनुबियासचं पान कडकच असतं आणि तरी ते पाण्याखाली वर्षानुवर्षं राहतं.

मनी प्लांटचं काय? पानं पाण्याबाहेर आणि फक्त मुळं पाण्यात सोडली तर तो उत्तम वाढतो आणि नायट्रेटही भरपूर ओढतो.

तळाला काय घालायचं: वाळू, खडी की माती?

हे झाड कुठून खातं यावर ठरतं. क्रिप्टोकोरिन, सोर्ड, व्हॅलिस्नेरिया यांची मुळं मोठी असतात आणि ती मुख्यतः जमिनीतून घेतात. हायग्रोफिला, रोटालासारखी खोडाची झाडं पाण्यातूनही बरंच काही घेतात. अनुबियास, जावा फर्न आणि मॉसला तर जमीन लागतच नाही.

दोन-तीन मिलिमीटरची खडी किंवा जाडसर वाळू चालते. तिच्यात स्वतःचं खाद्य काही नसतं, म्हणून मुळांपाशी खताच्या गोळ्या पुरायच्या आणि दोन-तीन महिन्यांनी नव्या घालायच्या. तयार ॲक्वासॉइल म्हणजे भाजलेल्या मातीच्या गोळ्या. त्यात खाद्य असतं आणि बहुतेक प्रकार पाण्याचा पीएचही खाली आणतात. त्यांची एक खोड आहे: पहिले काही आठवडे त्या पाण्यात अमोनिया सोडतात. झाडांना तो चालतो, माशांना मारतो. ॲक्वासॉइल घातली असेल तर पाणी वारंवार बदलायची आणि मासे उशिरा सोडायची तयारी ठेवा. बागेतली साधी माती वाळूच्या थराखाली घालूनही सुंदर टाक्या होतात. फक्त त्यात रासायनिक खत किंवा कीटकनाशक मिसळलेलं नसावं, मातीचा थर दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा जाड नसावा आणि लावलेली झाडं पुन्हा पुन्हा उपटू नयेत.

पुढे पाचेक सेंटीमीटर आणि मागे थोडी जास्त अशी उतरती भर घातली की मुळांना जागा मिळते. संगमरवर किंवा शिंपल्यांचे तुकडे टाळा, ते पाण्यात विरघळून जडपणा वाढवत राहतात.

लावण्याआधी झाडांना काय करायचं?

कुंडीतून आलेल्या झाडाच्या मुळांभोवतीचा कापसासारखा रॉकवूल चिमट्याने काढा, उरलेला वाहत्या पाण्याखाली. जुडीला बांधलेली शिशाची पट्टी सोडा आणि त्या जागी दबून काळा पडलेला खोडाचा भाग कापून टाका. मुळं फार लांब असतील तर तीन-चार सेंटीमीटर ठेवून छाटा. त्याने झाडाचं नुकसान होत नाही, उलट लावायला सोपं जातं. झाडं कीटकनाशक फवारलेली असण्याची शक्यता असेल आणि टाकीत कोळंबी ठेवायची असेल, तर आठवडाभर वेगळ्या भांड्यात ठेवून त्याचं पाणी रोज बदला. माशांना न जाणवणाऱ्या मात्रेनेही कोळंबी मरते.

अनुबियास रुजवलं तर कुजलं. का?

त्याचं आडवं जाड खोड वाळूत पुरलं गेलं म्हणून. अनुबियास, जावा फर्न, ब्युसेफॅलँड्रा यांचं आडवं खोड उघड्यावरच हवं. दोऱ्याने किंवा घट्ट, चिकट सायनोॲक्रिलेट गोंदाच्या थेंबाने दगडावर अथवा लाकडावर बसवा. मुळं पुढे आपली आपण धरतात.

खोडाची झाडं सारखी सुटून वर येतात.

एकेक काडी वेगळी लावा, जुडीने नको. खालच्या दोन पेरांवरची पानं काढा, लांब चिमट्यात काडी धरून तिरकी खुपसा आणि चिमटा तिरकाच बाहेर काढा. दोन काड्यांमध्ये बोटभर अंतर ठेवा, नाहीतर खालच्या पानांना प्रकाश मिळत नाही आणि बुंधे उघडे पडतात. आठवडा-दहा दिवसांत मुळं फुटली की सुटत नाहीत, तोवर तळ उकरणारे मासे टाकीत नसलेले बरे.

लाइट दिवसातून किती तास?

सुरुवातीला सहा तास. रोज त्याच वेळी चालू, त्याच वेळी बंद, आणि हे टायमरवर सोपवा.

नव्या टाकीत बहुतेक बिघाड इथे होतो. झाड सुकतंय असं दिसलं की माणूस लाइट वाढवतो. पण पानं बदलत असलेलं झाड तो प्रकाश वापरू शकत नसतं. प्रकाश वाढला की झाडाची कार्बनची आणि क्षारांची मागणी वाढते. ती भागली नाही तर वाढ अडते, आणि उरलेला प्रकाश शेवाळाच्या कामी येतो. शेवाळाला स्थिरावायला वेळ लागत नाही. म्हणून पहिले तीन आठवडे सहा तास, मग दर आठवड्याला अर्धा तास वाढवत आठ तासांपर्यंत. त्यापुढे जायची गरज क्वचितच पडते. मध्येच शेवाळ दिसलं तर तास कमी करा.

किती तीव्र हवा, याचा ढोबळ हिशोब लिटरमागे लुमेनमध्ये करतात: कमी प्रकाशाच्या झाडांना साधारण १५ ते २५, मध्यमला २५ ते ५०. हा हिशोब अंदाजापुरताच. लुमेन हे माणसाच्या डोळ्याला किती उजेड दिसतो ते मोजतं, झाडाला किती उपयोगी पडतो ते नाही, आणि उंच टाकीत तळापर्यंत बराच कमी पोचतो. दिव्याचा रंग ६५०० केल्विनच्या आसपास असला की झाडांनाही चालतं आणि आपल्याला पाहायलाही बरं वाटतं. तीव्रता कमी-जास्त करता येणारा दिवा घ्यायचा असेल तर घ्या. नव्या टाकीत तो निम्म्यावर चालवता येतो, हा त्याचा खरा फायदा.

टाकी खिडकीत ठेवली तर दिव्याची गरज नाही ना?

थेट ऊन येत असेल तर पाणी हिरवंगार होईल आणि तापेलही. ऊन आपल्या हातात नसतं, दिवा असतो.

कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर लागतंच का?

वर सांगितलेल्या सोप्या झाडांना नाही. पण त्याची कमतरता काय करते ते माहीत असावं. झाडाच्या कोरड्या वजनात चाळीस टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो, आणि पाण्यात हा वायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. हवेशी समतोल असलेल्या पाण्यात तो लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या जवळपास असतो. सिलिंडर लावलेल्या टाकीत तोच २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत नेतात, म्हणून तिथे झाडं झपाट्याने वाढतात.

सिलिंडर नसेल तर प्रकाश बेताचा ठेवा, पाणी टाकीत सगळीकडे फिरत राहील असा फिल्टरचा प्रवाह ठेवा आणि वाढ सावकाश होईल हे मान्य करा. एअर पंपाने झाडांचं नुकसान होतं असं म्हणतात, ते सिलिंडर असलेल्या टाकीत खरं आहे. तिथे तुम्ही मुद्दाम सोडलेला वायू बुडबुड्यांमुळे उडून जातो. सिलिंडर नसलेल्या टाकीत पृष्ठभाग हलल्याने हवेतला वायू पाण्यात येतो, म्हणजे झाला तर फायदाच.

सिलिंडर लावणार असाल तर लाइट लागण्याआधी एक-दोन तास सोडा आणि लाइट बंद होण्याच्या तासभर आधी थांबवा. रात्री झाडं वायू घेत नाहीत, उलट तीही श्वसन करतात, आणि साठलेल्या वायूने मासे गुदमरतात. टाकीत लावायचा रंग बदलणारा ड्रॉप चेकर निळा असेल तर वायू कमी, हिरवा तर ठीक, पिवळा तर जास्त. पण तो तास-दोन तास मागचं सांगतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले तर चेकरकडे बघत बसू नका, वायू बंद करून एअर पंप लावा.

यीस्ट आणि साखरेच्या बाटलीचा घरगुती उपाय लहान टाकीत चालतो, पण वायू कधी जास्त, कधी कमी येतो, आणि अशा चढउतारावर काळं ब्रश शेवाळ (पानांच्या कडांवर काळे झुपके करणारं) खूश असतं.

बाटलीत मिळणारा ‘लिक्विड कार्बन’ हा पर्याय आहे का?

त्यातल्या बहुतेकांत ग्लुटराल्डिहाइड असतं, वैद्यकीय उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात ते. त्याने शेवाळ दबतं, पण तो वायूचा पर्याय नाही. व्हॅलिस्नेरिया आणि इजेरिया त्याने विरघळू शकतात. नव्या टाकीत नकोच. वापरायचंच असेल तर हातमोजे घाला आणि वाफ हुंगू नका.

खत कधीपासून? माशांच्या विष्ठेवर भागत नाही का?

मासे आणि त्यांचं खाद्य यांतून नायट्रोजन आणि फॉस्फरस बऱ्यापैकी मिळतात. पोटॅशियम आणि लोह मात्र सहसा कमी पडतात. साध्या खडीत लावलेल्या झाडांना दुसऱ्या आठवड्यापासून, नवी पानं दिसायला लागली की, सर्व क्षार असलेलं द्रवखत बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या पाव ते अर्ध्या प्रमाणात सुरू करा. नुसतं लोह असलेली बाटली घेऊन उपयोग नाही. ॲक्वासॉइलमध्ये महिनाभर तरी थांबलं तरी चालतं. बागेतल्या कुंड्यांचं खत टाकीत कधीच नको, त्यात युरिया किंवा अमोनियाचे क्षार असतात.

खतातल्या तांब्याने कोळंबी मरते अशी भीती घातली जाते. टाकीसाठीच्या खतात सांगितलेल्या मात्रेत तांबं इतकं थोडं असतं की त्याने काही होत नाही. मात्रा चुकवून बाटली उपडी केली तर गोष्ट वेगळी.

कशाची कमतरता आहे हे पानावरून कसं ओळखायचं?

आधी बघा, दोष जुन्या पानांत आहे की नव्या. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम हे झाडाला आतल्या आत हलवता येतात. कमी पडले की झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून जुनं पान बिघडतं. लोह आणि कॅल्शियम असे हलवता येत नाहीत, त्यांची कमतरता नव्या पानात दिसते.

जुनी पानं सगळीच्या सगळी फिकट पिवळी होत असतील तर नायट्रोजन. जुन्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडून ती कडेने पिवळी होत असतील तर बहुधा पोटॅशियम; हायग्रोफिला आणि जावा फर्नवर हे लवकर दिसतं. नवी पानं फिकट, जवळजवळ पांढरी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह. नवी पानं वेडीवाकडी, आखडलेली असतील तर कॅल्शियम, विशेषतः आरओच्या पाण्यात. पण असा शेंडा कार्बन डायऑक्साइड कमी-जास्त होण्यानेही आखडतो.

आता यातली मेख. पहिल्या महिन्यात ही निदानं करायचीच नाहीत. तेव्हा बहुतेक पिवळेपणा पानं बदलण्यामुळे असतो, आणि त्यावर एकामागून एक बाटल्या ओतणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पाण्यातच फुटलेल्या, निदान दोन आठवडे जुन्या पानावर खूण दिसली तरच ती खरी धरा. मग एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन आठवडे थांबा. बिघडलेलं पान पुन्हा चांगलं होत नाही, सुधारणा पुढच्या पानात शोधायची.

नळाचं पाणी चालेल का? की आरओचं घालू?

नळाचं चालतं, फक्त क्लोरीन घालवा. साधा क्लोरीन पाणी एक दिवस उघडं ठेवल्यावर उडून जातो, क्लोरामाइन मात्र तसा जात नाही, त्याला कंडिशनर, म्हणजे क्लोरीन घालवणारं द्रावण लागतं. नुसतं आरओचं पाणी झाडांना उपाशी ठेवतं, कारण त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जवळपास नसतंच. त्यात क्षार मिसळा किंवा अर्धं नळाचं घाला. ४ ते ८ जर्मन अंश जडपणा बहुतेक झाडांना मानवतो. पाणी फार जड असेल तर व्हॅलिस्नेरिया लावा. ते पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन काढू शकतं, त्यामुळे जड पाण्यात इतरांपेक्षा सरस ठरतं.

तापमान २२ ते २८ अंश सेल्सियस ठीक. तिशीच्या वर बराच काळ राहिलं तर मॉस आणि जावा फर्न कुरकुरतात.

झाडं असली की पाणी बदलायला लागत नाही म्हणतात…

जुन्या, दाट भरलेल्या, मासे कमी असलेल्या टाकीत ते थोडंफार खरं असतं. नव्या टाकीत अजिबात नाही. ॲक्वासॉइल असेल तर पहिले दोन आठवडे एक दिवसाआड तिसरा हिस्सा ते निम्मं, मग आठवड्यातून दोनदा, महिन्याने एकदा. साध्या खडीच्या टाकीत आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पुरे. नवं पाणी जुन्याच्या तापमानाचं असावं. सायफन तळात खुपसू नका, मुळं उखडतात. वरवरची घाण ओढली की झालं.

मासे कधी सोडायचे?

पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवू लागले की. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरात वस्तीला यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. झाडं बरीच असतील तर ती अमोनिया थेट उचलतात, त्यामुळे नायट्रेट फारसं दिसलं नाही तरी गोंधळू नका. एखाद्या चालू टाकीतल्या फिल्टरचा मळका स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो. सगळे मासे एकदम नकोत, थोडे थोडे करून सोडा.

गोल्डफिश, सिल्व्हर डॉलर आणि ब्युनोस आयरिस टेट्रा यांना झाडं म्हणजे कोशिंबीर. मोठे सिक्लिड खात नाहीत, पण उपटतात.

तिसऱ्या आठवड्यात काचेवर आणि पानांवर तपकिरी धूळ बसली. काय करू?

बोटाने पुसा आणि दम धरा. हे डायटम. त्यांच्या पेशीभोवती सिलिकाचं कवच असतं, आणि नव्या टाकीत ते जवळजवळ येतातच. झाडं वाढीला लागली की काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. नेराइट गोगलगाय हे आवडीने खाते. तिची अंडी गोड्या पाण्यात उबत नाहीत, पण त्यांचे पांढरे ठिपके लाकडावर राहतात, ते ज्याला खपतील त्याने ती आणावी. ऑटोसिंक्लस मासाही खातो, पण नव्या टाकीत डायटम संपले की तो उपाशी मरतो. त्याला दोन-तीन महिन्यांनी आणा.

आणि हिरवं, काळं, निळसर शेवाळ?

हिरवे दोरे वाढत असतील तर प्रकाश जास्त होतोय. दात घासायच्या ब्रशभोवती गुंडाळून काढा, लाइटचे तास कमी करा, भराभर वाढणारी आणखी झाडं घाला. पाण्यावर साल्व्हिनियाचा थोडा पसारा ठेवला तर सावलीही होते आणि क्षारही ओढले जातात. फक्त त्याने सगळं पाणी झाकू नये. अमानो कोळंबी दोऱ्यांवर चांगली चालते. जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी झाडांच्या टाक्या जगभर लोकप्रिय केल्या, आणि शेवाळ खाण्यासाठी या कोळंबीचा वापरही त्यांच्यामुळेच रूढ झाला.

काचेवर आणि अनुबियासच्या पानांवर घट्ट हिरवे ठिपके पडत असतील तर प्रकाश तीव्र आणि फॉस्फेट कमी, असं सहसा असतं.

पानांच्या कडांना काळे, दाढीसारखे झुपके दिसतात ते खरं म्हणजे लाल शेवाळाच्या कुळातलं. मेलं की लालसर-गुलाबी होतं, त्यावरून उपाय लागू पडला हे कळतं. झुपके असलेली पानं कापा. लाकडावरचे असतील तर लाकूड बाहेर काढून त्यावर तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड लावा, पाच मिनिटांनी धुऊन परत ठेवा.

निळसर-हिरवी, बोटाने सोलून निघणारी, कुबट वासाची साय मात्र शेवाळ नव्हे, ते सायनोबॅक्टेरिया. ओढून काढा, पाणी बदला, तीन दिवस टाकी पूर्ण झाकून अंधारात ठेवा, मग पुन्हा पाणी बदला. तळाजवळ पाणी साचून राहत असेल तर फिल्टरची दिशा बदला, नाहीतर ते परत येतं. आणि शेवाळ मारायच्या बाटल्यांचा मोह टाळा. मेलेलं शेवाळ टाकीतच कुजतं, शिवाय त्यातल्या काही औषधांनी झाडं आणि कोळंबीही जातात.

झाडांबरोबर बारीक गोगलगाई आल्या. झाडं खातील का?

रॅम्सहॉर्न आणि ब्लॅडर या नेहमी येणाऱ्या जाती निरोगी पान खात नाहीत. त्या कुजकं पान, शेवाळ आणि उरलेलं खाद्य खातात. पानाला भोक दिसतं तिथे गोगलगाय असते, म्हणून नाव तिच्यावर येतं. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया एकत्र ठेवून केलेला प्रयोग १८५० साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या टाकीतही झडलेली पानं कुजून पाणी खराब व्हायला लागलं होतं. त्यावर त्यांनी उपाय केला तो गोगलगाई सोडण्याचाच, आणि पाणी निवळलं.

त्या फार वाढल्या तर तुम्ही खाद्य जास्त टाकताय. तरीही नकोच असतील तर टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली), बंद डबीतली झाडं घ्या, किंवा कडक पानांची झाडं एक भाग साध्या ब्लीचला एकोणीस भाग पाणी अशा द्रावणात दोन मिनिटं बुडवून कंडिशनर घातलेल्या पाण्यात नीट खळबळा. मॉस आणि व्हॅलिस्नेरियाला हे सोसत नाही.

लाकडावर पांढरा कापूस आलाय.

बुरशी आणि जीवाणूंचा थर. निरुपद्रवी. दोन-तीन आठवड्यांत जातो, कोळंबी खाते.

पानांवर चांदीसारखे बुडबुडे दिसतात ते काय?

पाण्यात ऑक्सिजन आणखी विरघळायला जागा उरली नाही की झाडांनी सोडलेला ऑक्सिजन असा दिसतो. पाणी बदलल्या बदल्या सगळ्याच वस्तूंवर जे बुडबुडे बसतात ते ताज्या पाण्यातल्या हवेचे, त्यावर हुरळून जाऊ नका.

छाटणी कधी, आणि छाटलेलं कुठे टाकायचं?

खोडाची झाडं पाण्याच्या पृष्ठभागाला टेकली की. नव्या टाकीत तशी वेळ सहसा पाचव्या-सहाव्या आठवड्यात येते. पेराच्या थोडं वर कापा. खालच्या खोडाला दोन फुटवे येतात आणि वरचा शेंडा शेजारी लावता येतो. हवेत वाढलेला जुना बुंधा फारच उघडा पडला असेल तर तो उपटून फक्त शेंडेच लावलेले चांगले, कारण ते पूर्ण पाण्यात वाढलेले असतात. एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापू नका आणि त्याच दिवशी खताची मात्रा वाढवू नका. क्रिप्टोकोरिन आणि सोर्डची फक्त बाहेरची जुनी पानं बुडापासून काढा, मधे आडवं कापलेलं पान कुजतं.

उरलेले तुकडे ओढ्यात, तळ्यात किंवा गटारात टाकू नका. जलपर्णी, पिस्टिया, साल्व्हिनिया ही जगभर पाणी अडवून बसलेली झाडं माणसांनीच एका जागेवरून दुसरीकडे नेलेली आहेत, आणि हॉर्नवर्टचा बोटभर तुकडाही नवं झाड व्हायला पुरतो. उन्हात कडकडीत वाळवा, मग कुंड्यांच्या खतात घाला.